वाढत्या शहराच्या पाणीपुरवठ्याचा दीर्घकालीन आराखडा कसा तयार करावा

शहराला तीस वर्षांनी किती पाणी लागेल, या प्रश्नाने बहुतेक आराखड्यांची सुरुवात होते आणि बहुतेक आराखडे तिथेच अडकतात. या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात दिले की पुढचे सगळे काम तो आकडा गाठून देणारे धरण किंवा जलवाहिनी शोधण्यापुरते उरते. तो आकडा चुकणार हे मात्र जवळजवळ ठरलेले असते. म्हणून आराखड्यात कामांच्या यादीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, निर्णयांचे वेळापत्रक असावे लागते. कोणता निर्णय केव्हा घ्यायचा, कोणत्या मोजमापाच्या आधारे घ्यायचा आणि तोवर कोणते पर्याय मोकळे ठेवायचे, हे त्यात लिहिलेले असावे. असा आराखडा तयार करताना कामे कोणत्या क्रमाने करावीत आणि कुठे सावध राहावे, हे पुढे दिले आहे. अभियंत्यांना त्यातील बराच भाग परिचित असेल, परंतु आराखडा मंजूर करणारे लोकप्रतिनिधी आणि त्यावर हरकती नोंदवणारे नागरिक यांनाही योग्य प्रश्न विचारता यावेत, असा हेतू आहे.

आधी आजच्या पाण्याचा हिशेब

नवा स्रोत शोधण्यापूर्वी सध्याचे पाणी जाते कुठे, हे मोजावे. हिशेबापुरते दहा लाख लोकवस्तीचे एक शहर धरू. त्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून दररोज २०० दशलक्ष लिटर पाणी बाहेर पडते आणि ग्राहकांच्या मीटरवर १२० दशलक्ष लिटरची नोंद होते. केंद्राच्या दारात माणशी २०० लिटर दिसते, नळाला मात्र माणशी १२० लिटरच पोहोचते. मधले ८० दशलक्ष लिटर, म्हणजे ४० टक्के पाणी, फुटलेल्या वाहिन्या, गळके सांधे, अनधिकृत जोडण्या, बंद पडलेले किंवा कमी दाखवणारे मीटर आणि देयकाविना दिलेला पुरवठा यांत जिरलेले असते. शहराची लोकसंख्या दुप्पट झाली आणि नळावरचा वापर माणशी १२० लिटरच राहिला, तर २४० दशलक्ष लिटर नळापर्यंत पोहोचवण्यासाठी आजच्याच तुटीने ४०० दशलक्ष लिटर उचलावे लागतील. तीच तूट २० टक्क्यांवर आणली तर ३०० पुरतील. हा १०० दशलक्ष लिटरचा फरक वर्षाला ३६.५ दलघमी (दशलक्ष घनमीटर) होतो आणि तेवढ्या पाण्यासाठी एखादे मध्यम आकाराचे धरण बांधावे लागते.

या तुटीचे दोन भाग वेगळे करणे आवश्यक आहे. जमिनीत मुरणारे पाणी ही प्रत्यक्ष तूट होय, तर वापरले गेले पण नोंदले गेले नाही ते पाणी ही केवळ हिशेबातील तूट होय. सदोष मीटर बदलल्याने उत्पन्न वाढते, परंतु स्रोतावरचा भार त्याच प्रमाणात कमी होत नाही, कारण ते पाणी कोणीतरी वापरतच असते. अनेक आराखड्यांत दोन्ही तुटी एकत्र करून ‘गळती कमी केल्याने इतके पाणी वाचेल’ असे लिहिले जाते आणि पुढे ते पाणी हाती लागत नाही. वरच्या उदाहरणातील ८० पैकी प्रत्यक्ष गळती ५० असेल, तर वाचवण्यासारखे जे काही आहे ते त्या ५० मधूनच येणार.

प्रत्यक्ष गळती मोजण्याची सर्वांत भरवशाची वेळ म्हणजे रात्री दोन ते चार. शहराचे छोटे विभाग पाडून प्रत्येक विभागात पाणी एकाच वाहिनीतून येईल अशी व्यवस्था करावी, सीमेवरचे व्हॉल्व्ह खरोखर घट्ट बंद होतात का ते तपासावे आणि त्या एका वाहिनीवर प्रवाहमापक बसवावा. समजा, एका विभागात २,००० जोडण्या आहेत आणि पहाटे तीनच्या सुमारास तासाला ४० घनमीटर पाणी आत जाते आहे. त्या वेळी बहुतेक शहर झोपलेले असते. प्रत्येक जोडणीवर तासाला दोन लिटर वापर धरला तरी खरा वापर चार घनमीटरच भरतो. उरलेले ३६ घनमीटर गळतीत जातात. रात्री वाहिन्यांतील दाब जास्त असल्याने दिवसापेक्षा रात्रीची गळती मोठी असते, म्हणून दिवसाची गळती काढताना २४ ऐवजी २० तासांनी गुणले तर ती ७२० घनमीटर येते. माणशी १२० लिटरप्रमाणे हे ६,००० माणसांचे पाणी झाले, आणि त्या विभागात राहणारी माणसे जेमतेम १०,००० असतील. अशी मोजणी विभागवार झाली की कोणत्या भागातील वाहिन्या आधी बदलायच्या, हा वाद बराचसा मिटतो.

दोन ठिकाणी ही पद्धत फसवते. इमारतींवर साठवणीच्या टाक्या असतील आणि त्या रात्री भरत असतील, तर ते भरणे गळतीत मोजले जाते, म्हणून टाक्या भरून त्यांच्या तोट्या बंद झाल्यानंतरची वेळ निवडावी लागते. दुसरे म्हणजे, पुरवठा दिवसातून काही तासच होत असेल, तर रात्री वाहिन्या रिकाम्याच असतात. तिथे एका ठरलेल्या रात्री ग्राहकांकडील नळ बंद ठेवून विभागात मुद्दाम दाब निर्माण करावा आणि मग मोजावे. ठरावीक तासांचा पुरवठा पाणी वाचवतो ही समजूत तपासून घेण्यासारखी आहे. नळ उघडे राहतात, साठवलेले पाणी दुसऱ्या दिवशी ओतून दिले जाते, वाहिन्या रिकाम्या झाल्या की फटींतून बाहेरचे दूषित पाणी आत शिरते आणि गळती शोधणे अवघड होऊन बसते.

तूट कमी करणे अशक्य आहे असे सांगणाऱ्यांसाठी कंबोडियाच्या नॉम पेन्ह शहराचे उदाहरण पुरेसे आहे. १९९३ मध्ये तेथील ७२ टक्के पाण्याचे पैसे मिळत नव्हते. एक सोन चान यांच्या नेतृत्वाखालील जलप्राधिकरणाने मीटर, ग्राहकनोंदी, वसुली आणि वाहिन्यांची दुरुस्ती ही कामे वर्षानुवर्षे एकत्रितपणे चालवली आणि २०१० च्या सुमारास ही तूट सहा टक्क्यांच्या आसपास आली. यातला काळ लक्षात घ्यावा. दीड दशकाहून अधिक काळ चाललेले हे काम होते, त्यामुळे एखाद्या आराखड्यात तीन वर्षांत ४० वरून १५ टक्क्यांवर येण्याचे वचन असेल, तर त्या तक्त्याकडे संशयाने पाहावे.

मागणी : एक आकडा नको, पट्टा हवा

दहा लाखांचे शहर दरवर्षी २ टक्क्यांनी वाढले तर तीस वर्षांनी १८ लाखांचे होते, ३ टक्क्यांनी २४ लाखांचे आणि ४ टक्क्यांनी ३२ लाखांचे. दरातील फरक क्षुल्लक वाटतो, परंतु टोकांमधील अंतर १४ लाखांचे, म्हणजे आजच्या अख्ख्या शहराहून मोठे आहे. तेव्हा किमान, मध्यम आणि कमाल असे तीन अंदाज घ्यावेत आणि पुढील प्रत्येक पर्याय तिन्हींवर तपासावा. मधला अंदाज ‘खरा’ आणि इतर दोन सजावटीपुरते, असे होता कामा नये.

लोकसंख्येइतकेच महत्त्व शहर कोणत्या दिशेला वाढणार याला आहे. डोंगराच्या उतारावर वसाहती वाढल्या तर तेच पाणी अधिक उंच चढवावे लागते. एक घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला सिद्धांताने ०.२७ युनिट वीज लागते आणि पंपांची प्रत्यक्ष कार्यक्षमता धरली तर सुमारे ०.४ युनिट. दिवसाला १०० दशलक्ष लिटरसाठी हा खर्च रोज ४०,००० युनिटांचा होतो आणि तो धरणाचे कर्ज फेडून झाल्यावरही चालूच राहतो. म्हणून जमीनवापराचा आराखडा आणि पाण्याचा आराखडा वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या नकाशांवर तयार होऊ नयेत.

माणशी वापराचा प्रमाणित आकडा वापरताना तो कशासाठी ठरवला गेला आहे हे पाहावे. प्रमाण किमान गरज सांगते की प्रत्यक्ष वापर, त्यात उद्योग, दवाखाने आणि हॉटेले धरली आहेत की नाहीत, तूट धरली आहे की नाही, ही उत्तरे हवीत. तूट एकदा प्रमाणात आणि पुन्हा एकदा शेवटच्या बेरजेत मिळवली गेल्याने मागणी फुगलेली अनेक अहवालांत आढळते.

शिवाय मागणी लोकसंख्येच्या मागे मुकाट्याने चालत येईलच असे नाही. न्यूयॉर्क शहरात १९७९ मध्ये दिवसाला सुमारे ५,७०० दशलक्ष लिटर पाणी लागत होते. त्यानंतर लोकसंख्या दहा लाखांहून अधिक वाढली, तरीही अलीकडचा वापर ३,८०० दशलक्ष लिटरच्या आसपास आहे. घरोघर मीटर बसवणे, गळतीचा शोध आणि १९९० च्या दशकात सुमारे १३ लाख जुनी शौचालये कमी पाणी लागणाऱ्या शौचालयांनी बदलण्याची मोहीम, ही त्यामागील मुख्य कारणे होती. नव्या इमारतींसाठी काटकसरीच्या उपकरणांचा नियम बांधकाम परवानगीतच घातला तर तो जवळजवळ फुकटात पडतो, आणि वाढत्या शहराची निम्मी घरे अजून बांधायचीच असतात, ही त्या शहराची मोठी सोय आहे.

स्रोताकडे वाईट वर्षाच्या नजरेने पाहणे

धरणात सरासरी किती येवा होतो, म्हणजे किती पाणी येऊन मिळते, हा आकडा आराखड्यात सर्वांत आधी दिला जातो आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा असतो. शहर सरासरी वर्षात तहानलेले राहत नाही. पाहायचे ते असे : नोंदी उपलब्ध असलेल्या प्रत्येक वर्षात हे धरण असते आणि शहराने दररोज ठरावीक पाणी उचलले असते, तर काय झाले असते? त्यासाठी महिन्यामागून महिना हिशेब मांडावा. मागील साठा, अधिक येवा, वजा बाष्पीभवन, वजा शहराची उचल, वजा नदीत आणि खालच्या वापरकर्त्यांसाठी सोडायचे पाणी. साठवणक्षमतेच्या वर जे गेले ते सांडव्यावरून वाहून गेले. साधनांचा अभाव ही सबब इथे चालत नाही, कारण हे काम साध्या स्प्रेडशीटवर होते. साठवण ठरवण्याची आलेख-पद्धत तर रिपल या अभियंत्याने १८८३ मध्येच मांडली होती. उचल थोडी थोडी वाढवत जावे आणि किती उचलीला किती वर्षे तूट पडते, ती किती महिने टिकते आणि किती खोल जाते, याचा तक्ता करावा. तुटीची खोली विशेष महत्त्वाची आहे. दहा टक्के कमी पाणी म्हणजे गैरसोय, चाळीस टक्के कमी पाणी म्हणजे आणीबाणी.

या हिशेबात जलाशयाची क्षमता जुन्या कागदावरची घेऊ नये. गाळाचे सर्वेक्षण करून आजचा उपयुक्त साठा घ्यावा आणि तीस वर्षांनी तो आणखी किती घटेल हेही धरावे.

विश्वासार्हतेचा अर्थही सर्वांना समजेल असा लिहावा. ९५ टक्के विश्वासार्हता म्हणजे सरासरीने वीसपैकी एका वर्षी पाणी कमी पडणार. ऐकायला हे पुरेसे वाटते. परंतु तीस वर्षांत असे वर्ष एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ७८ टक्के असते, म्हणजे ते येणारच असे धरून चालावे. शिवाय वाईट वर्षे एकेकटी येत नाहीत. केप टाऊनमध्ये २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षे पाऊस फार कमी झाला आणि एका वाईट वर्षाचा सामना करू शकणारे साठे तिसऱ्या वर्षी उघडे पडले.

नोंदींचा काळ किती आणि कोणता, यावर सगळे अवलंबून आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या पाण्याचे वाटप १९२२ च्या करारात झाले तेव्हा हाती असलेली नोंद नेमकी ओल्या वर्षांची होती. दीर्घकाळाची सरासरी त्याहून बरीच कमी निघाली आणि नदीत नसलेले पाणी कागदावर वाटले गेले, ते भांडण शंभर वर्षांनीही मिटलेले नाही. पर्थची गोष्ट उलट दिशेची आहे : १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तेथील धरणांचा येवा झपाट्याने घसरला आणि जुनी सरासरी परत आलीच नाही. तेव्हा संपूर्ण नोंद, अलीकडची वीस-पंचवीस वर्षे आणि या दोन्हींहून आणखी काही टक्के कोरडे असे काल्पनिक भविष्य, अशा तीन मालिकांवर हिशेब चालवून पाहावा.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसते, तक्त्यात दिसत नाही. एकाच पाऊसमानाच्या पट्ट्यातील चार धरणे ही दुष्काळाच्या दृष्टीने एकच धरण होत. चेन्नईला पाणी देणारे चारही प्रमुख जलाशय २०१९ च्या उन्हाळ्यात एकाच वेळी कोरडे पडले. ब्राझीलमधील साओ पाउलोला २०१४ मध्ये कांतारेरा जलाशयसमूहातील मृत साठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचे एरवी न वापरले जाणारे पाणी, पंपांनी उपसावा लागला. स्रोतांची संख्या वाढवली म्हणजे धोका विभागला जातो असे नाही. स्रोतांचे पाऊसमान वेगळे असावे किंवा त्यांतला एखादा पावसावर अवलंबून नसावा.

पर्यायांची तुलना

सर्व पर्यायांची तुलना एकाच मापाने करावी : वाईट वर्षात त्यातून किती पाणी मिळेल, ते नळापर्यंत पोहोचवण्याचा आयुष्यभराचा खर्च किती आणि निर्णयापासून पहिले पाणी येईपर्यंत किती वर्षे लागतील. गळती कमी करण्याचा आणि मागणी घटवण्याचा कार्यक्रमही याच तक्त्यात, धरणाच्या शेजारच्या ओळीत यावा. तो वेगळ्या प्रकरणात ‘इतर उपाय’ म्हणून गेला की त्याला निधी मिळत नाही.

दूरचे धरण मोठे पाणी देते, परंतु त्याच्याबरोबर विस्थापन, जंगल आणि नदीकाठच्या शेतीचा हक्क हे प्रश्नही येतात. ते प्रश्न मार्गी न लावता काढलेल्या वेळापत्रकाला अर्थ नसतो. दुसऱ्या प्रशासनाच्या हद्दीतून येणारे पाणी कराराच्या मुदतीपुरतेच आपले असते. सिंगापूरने शेजारी मलेशियाकडून मिळणाऱ्या पाण्याचा १९६२ चा करार २०६१ मध्ये संपणार हे समोर ठेवून काही दशके आधीच पर्याय उभे करायला घेतले, आणि करार संपण्याच्या तारखेकडे इतक्या लांबून पाहणारी शहरे थोडीच आहेत.

भूजलाकडे रोजच्या स्रोतापेक्षा राखीव साठा म्हणून पाहणे शहाणपणाचे. चांगल्या वर्षात उपसा कमी करून पुनर्भरण करावे, वाईट वर्षात वापरावे. अनिर्बंध उपशाने मेक्सिको सिटी आणि जकार्ता या शहरांची जमीनच खचत चालली आहे. खासगी कूपनलिकांची नोंद नसेल तर एक सोपी पडताळणी करता येते. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते असे धरले जाते. नळाने दिलेल्या पाण्याच्या मानाने सांडपाणी याहून बरेच जास्त वाहत असेल आणि पावसाचे पाणी त्यात मिसळत नसेल, तर शहर आपल्या नकळत जमिनीखालून पाणी उपसत आहे. ते आटले की तो सगळा भार एका उन्हाळ्यात नळांवर येईल.

छतावरील पाण्याबद्दल अवास्तव आशा आणि अवास्तव तुच्छता दोन्ही टाळाव्यात. १०० चौरस मीटर छत, ७०० मिलिमीटर पाऊस आणि २० टक्के वाया गेले असे धरले तर वर्षाला ५६,००० लिटर मिळतात. चौघांच्या कुटुंबाला माणशी १२० लिटरप्रमाणे ते चार महिन्यांच्या आत संपतात, आणि बहुमजली इमारतीत तर माणशी छतच फार थोडे असते. पुनर्भरणासाठी ही योजना उत्तम आहे, शहराचा मुख्य स्रोत म्हणून नाही.

सांडपाण्याच्या पुनर्वापराचा विचार मात्र सविस्तर करावा, कारण शहराबरोबर आपोआप वाढणारा आणि दुष्काळातही फारसा न आटणारा हाच एक स्रोत आहे. शहरात १०० दशलक्ष लिटर नवे पाणी आणले की सुमारे ८० दशलक्ष लिटर नवे सांडपाणी तयार होते. त्याच्या प्रक्रियेची तरतूद पाणी योजनेच्या खर्चातच धरली नाही, तर नवी योजना म्हणजे नदी बिघडवण्याची योजना ठरते. प्रक्रिया करायचीच असेल, तर थोडी पुढची प्रक्रिया करून ते पाणी उद्योग, वीजनिर्मिती केंद्रे, बांधकाम आणि बागा यांना द्यावे आणि तितके शुद्ध पाणी घरांसाठी मोकळे करावे, हा पहिला टप्पा. पिण्यासाठी पुनर्वापर हा त्यापुढचा टप्पा, आणि तोही नवा नाही : नामिबियातील विंडहुक शहर १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळते. सिंगापूरमध्ये २००३ पासून ‘न्यूवॉटर’ या नावाने शुद्ध केलेले सांडपाणी वापरात आहे. दोन्हीकडे तंत्राइतकेच कष्ट लोकांचा विश्वास मिळवण्यावर आणि तपासणीचे निकाल उघडे ठेवण्यावर घेतले गेले.

समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी घनमीटरला तीन ते चार युनिट वीज लागते आणि घेतलेल्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग खारट द्रावण म्हणून परत सोडावा लागतो. किनाऱ्यावरील शहरासाठी तो दुष्काळाचा विमा आहे, आणि विम्याप्रमाणेच त्याचा हप्ता पाऊस चांगला झाला तरी भरावा लागतो. मेलबर्नचा वर्षाला १५० अब्ज लिटर क्षमतेचा प्रकल्प भीषण दुष्काळात ठरला आणि २०१२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा धरणे भरलेली होती. त्यातून शहराला पहिले पाणी मिळायला २०१७ उजाडले, तोवर ठरलेली रक्कम मात्र दरवर्षी द्यावीच लागली. पर्थमध्ये २००६ साली सुरू झालेला प्रकल्प याउलट सतत चालू राहिला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय म्हणता येतील. माझ्या मते मेलबर्नचा धडा ‘प्रकल्प नको’ असा नसून ‘टप्प्यांनी वाढवता येईल असा लहान प्रकल्प आधी’ असा आहे.

आहे तो स्रोत राखणे हाही तुलनेतील एक पर्यायच. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये कॅट्सकिल आणि डेलावेअर पाणलोटांतील गावांशी करार करून जमीनवापर, शेती आणि सांडपाणी यांवर खर्च केला आणि गाळण प्रक्रियेच्या अवाढव्य केंद्राचा खर्च टाळला. पाणलोट क्षेत्रात बांधकामे उभी राहिल्यानंतर हा पर्याय उरत नाही.

निर्णयांचे वेळापत्रक

इथे आराखड्याचा कस लागतो. समजा, दुसऱ्या एका शहराची आजची मागणी दिवसाला १५० दशलक्ष लिटर आहे, ती दरवर्षी ६ दशलक्ष लिटरने वाढते आणि सध्याच्या स्रोतांतून वाईट वर्षातही खात्रीने २४० दशलक्ष लिटर मिळतात. पाणी पंधरा वर्षे पुरेल. परंतु पुढचा स्रोत उभा करायला बारा वर्षे लागत असतील, तर निर्णयासाठी तीनच वर्षे हाती आहेत. हा निर्णयबिंदू सालात न लिहिता मागणीत लिहावा : बारा वर्षांची वाढ ७२, ती २४० मधून वजा केली की १६८ उरतात, मागणी १६८ ला पोहोचली की निर्णय. आता गळती आणि वापर आटोक्यात आणून वार्षिक वाढ ६ वरून ४ वर आणता आली, तर निर्णयबिंदू १९२ वर सरकतो आणि तिथे पोहोचायला साडेदहा वर्षे लागतात. साडेसात वर्षांचा हा अवकाश अमूल्य असतो, कारण त्या काळात शहर खरोखर कोणत्या अंदाजाने वाढते आहे हे कळते आणि चुकीच्या आकाराचा प्रकल्प टळतो.

वाट पाहणे आणि हातावर हात ठेवून बसणे यांत मात्र फरक आहे. मोठ्या प्रकल्पाचा निर्णय लांबवताना त्याची जागा आरक्षित करणे, नदीच्या प्रवाहाची मोजणी सुरू करणे, भूगर्भाची आणि पर्यावरणाची तपासणी करून ठेवणे, वाहिनीचा मार्ग बांधकामांपासून मोकळा राखणे, ही तुलनेने स्वस्त कामे लगेच हाती घ्यावीत. त्यांनी बारा वर्षांचा काळ आठ-नऊवर येऊ शकतो.

टप्पे पाडतानाही सरसकट नियम चालत नाही. वाहिनीचा व्यास दुप्पट केला तर त्याच दाबात ती सुमारे सहापट पाणी वाहून नेते, खर्च मात्र त्या मानाने बराच कमी वाढतो. म्हणून बोगदे, मुख्य वाहिन्या आणि केंद्रांच्या जागा शेवटच्या गरजेनुसार घ्याव्यात. पंप, गाळणी आणि वीजयंत्रणा पंधरा वर्षांत जुन्या होतात, त्या टप्प्यांनीच बसवाव्यात. याच्या नेमके उलट, म्हणजे अरुंद वाहिनी आणि वर्षानुवर्षे अर्ध्या क्षमतेने चालणारे पंप, अशी रचना आढळते ती बहुधा निधी ज्या वर्षी जसा मिळाला तसा खर्च झाल्यामुळे.

टंचाईचे टप्पे आधीच ठरवणे

कितीही चांगला आराखडा असला तरी कपातीची वेळ येणार, हे गृहीत धरून तिचे नियम चांगल्या वर्षात ठरवावेत. पावसाळा संपताना साठा किती खाली असला की कोणता टप्पा लागू होईल, त्यात कोणाचे पाणी किती कमी होईल आणि तो टप्पा केव्हा उठेल, हे आकड्यांत लिहून ठेवावे. टंचाईत हे ठरवायला बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचे पाणी वाचते आणि वाहिनीच्या टोकावरच्या वस्त्या कोरड्या राहतात. केप टाऊनने १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. धरणांचा साठा १३.५ टक्क्यांवर आला की नळ बंद होऊन ठरावीक ठिकाणी माणशी २५ लिटर मिळतील, हेही जाहीर केले होते. २०१५ मध्ये दिवसाला सुमारे १,२०० दशलक्ष लिटर असलेला वापर २०१८ च्या पूर्वार्धात ५०० च्या जवळ आला आणि ती वेळ टळली. धरणांतील पाणी दर आठवड्याला सर्वांना दिसत होते, याचा त्यात मोठा वाटा होता. परंतु वापर असा घटला की पाणीपट्टीचे उत्पन्नही घटते, तर वाहिन्या आणि कर्जाचा हप्ता तसाच राहतो. म्हणून टंचाईच्या वर्षासाठी राखीव निधी आणि दराचा तक्ता आधीच मंजूर करून ठेवावा, आणि मूलभूत गरजेइतक्या पाण्याचा दर त्यातून वगळावा.

आढावा आणि जबाबदारी

दरवर्षी पावसाळ्यानंतर चार-पाच पानांचा आढावा प्रसिद्ध करावा. त्यात उचललेले, शुद्ध केलेले आणि मोजून दिलेले पाणी, विभागवार रात्रीचा प्रवाह, मागणी निर्णयबिंदूपासून किती दूर आहे, जलाशयांतील साठा, भूजलाची पातळी आणि सर्वांत कमी पाणी मिळणाऱ्या दहा विभागांची माणशी उपलब्धता एवढे असले तरी पुरे. शहराच्या सरासरीखाली टोकाच्या वस्त्यांची टंचाई लपते, म्हणून या शेवटच्या आकड्यावर तडजोड करू नये. दर पाच वर्षांनी लोकसंख्येचे तिन्ही अंदाज आणि येव्याच्या तिन्ही मालिका नव्या नोंदींसह पुन्हा चालवाव्यात. निर्णयबिंदू ओलांडला गेला तर किती दिवसांत प्रस्ताव मांडला जाईल आणि तो कोणत्या अधिकाऱ्याने मांडायचा, हे आराखड्याच्या ठरावातच पदनामासह लिहावे. तसेच गळती-नियंत्रण आणि प्रवाहमापकांची देखभाल यांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावे, म्हणजे दुसऱ्या कामाला पैसे कमी पडले की ते तिकडे वळवता येणार नाहीत.